जालावर सापडलेल्या गमती: नुसती लिंक नको, कृती द्या

अंजनीकाठ (एरंडोल)

रामराम मंडळी. सिनेमा, गाणी, गेम, जुने मोबाइल, जुनी संकेतस्थळं यांतलं जे काही भन्नाट सापडेल ते इथे टाकूया. विनंती एकच. नुसती लिंक टाकून पुढे जाऊ नका. ती गोष्ट आज उघडते कशी, कोणतं बटण दाबायचं, कुठे अडतं आणि का अडतं, तेही लिहा. लिंक वर्षभरात मरते, कृती टिकते.

सुरुवात किटलीपासून. पान सापडलं नाही की ४०४ दिसतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे. तसाच एक ४१८ आहे: "मी चहाची किटली आहे." १ एप्रिल १९९८ ला इंटरनेटच्या नियमावलीत आरएफसी २३२४ या क्रमांकाने कॉफीयंत्र चालवायचा एक गमतीचा नियम निघाला. त्यात लिहिलंय की किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं, तर तिने ४१८ हे उत्तर द्यावं. पाहायचं असेल तर संगणकावर गूगल डॉट कॉम लिहून तिरपी रेघ आणि पुढे इंग्रजीत टीपॉट लिहा. पान उघडल्यावर एफ१२ दाबा, नेटवर्क हा कप्पा निवडा आणि पान पुन्हा लोड करा. पहिल्या ओळीत स्टेटसखाली ४१८ दिसेल. आधी पान उघडून मग एफ१२ दाबलं तर यादी रिकामी दिसते, म्हणून पुन्हा लोड करणं गरजेचं. मोबाइलवर तेच पान उघडून फोन कलता केला की किटली चहा ओतते.

२०१७ मध्ये हा आकडा काही प्रणालींतून काढून टाकायचं चाललं होतं. लोकांनी विरोध केला आणि तो वाचला. २०२२ च्या नव्या नियमावलीत ४१८ राखीव ठेवलाय, म्हणजे दुसऱ्या कामाला तो आता वापरता येत नाही.

भुसावळ_जंक्शन

अंजनीभाऊ, किटली आली म्हणजे तिची थोरली बहीणही आली पाहिजे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं भांडं असायचं. वेगवेगळ्या मजल्यांवरचे लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं सापडायचं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, करड्या रंगाचं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगातला पहिला वेबकॅम ठरला. २२ ऑगस्ट २००१ ला तो बंद झाला आणि भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं.

१२८ बाय १२८ म्हणजे किती लहान, ते स्वतः पाहा. मोबाइलमधला कोणताही चौकोनी फोटो घ्या, फोटो लहान करणाऱ्या ॲपमध्ये लांबी-रुंदी १२८ करा, रंग काढा. भांड्यात कॉफी आहे की नाही एवढं त्यात नक्की कळतं. कामापुरतं तेवढंच लागत होतं.

पेटीवाला_चोपडा

माझ्याकडून नोकियाची धून. ती कंपनीत बसून कुणी रचलेली नाही. स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ च्या 'ग्रान वाल्स' या गिटाररचनेतला तो तुकडा आहे. मूळ रचना यूट्यूबवर कुणाही गिटारवादकाची ऐका, सुरुवातीनंतर थोड्याच वेळात १३ ते १६ या चार मापांत तो येतो. १९९४ च्या नोकिया २११० पासून तो फोनवर वाजू लागला.

खरी मजा पेटीवर आहे. ही धून पूर्ण बिलावल थाटात बसते, एकही कोमल किंवा तीव्र स्वर नाही. मधल्या सप्तकातला सा धरा:

प म ध़ नी़ । ग रे म़ प़ । रे सा ग़ प़ । सा

खाली टिंब आहे ते स्वर मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले. प्रत्येक तुकड्यात पहिले दोन स्वर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे आणि पुढचे दोन एकेक मात्रेचे, म्हणजे तीन मात्रा झाल्या. शेवटच्या सा वर तीन मात्रा थांबायचं. एकूण १२ मात्रा, म्हणजे दादऱ्याची बरोब्बर दोन आवर्तनं. तबलजीला दादरा धरायला सांगा, धून आपोआप जागेवर पडते.

बहुतेक जण चुकतात ते म वरून ध वर जाताना. कान वरचा ध मागतो आणि बोट वर जातं. तिथे मंद्रातच उतरायचंय. ती उडी चुकली की धून ओळखू येत नाही. दुसरी चूक म्हणजे चारही स्वर सारख्या लांबीचे वाजवणं. मग ती केहरव्यात जाते आणि सगळा डौल जातो.

अमळनेरची_लेक

दादा, फारच सुंदर! आत्ताच मोबाइलमधल्या पेटीवर वाजवून पाहिलं. ध वर खाली उतरताच धून लगेच ओळखू आली. नोकिया ३३१० मध्ये स्वतःची रिंगटोन भरायला कंपोझर नावाची सोय असायची ना? तिच्यात हीच धून भरायची असेल तर?

पेटीवाला_चोपडा

ताई, भरता येते, आणि त्या फोनची बटणं तर सरगमच होती. १ म्हणजे सा, २ रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. त्यांचा सा पाश्चात्त्य सी आहे, एवढंच. ८ दाबलं की स्वर आखूड होतो, ९ ने लांब, ० म्हणजे विराम, चांदणीने सप्तक बदलतं आणि हॅशने स्वर अर्धा चढतो.

ही धून मात्र ए या सुरावर उभी आहे, म्हणून बटणं वेगळी पडतात. पहिला स्वर: ३, मग दोनदा ८, मग एकदा चांदणी. पडद्यावर सोळा-ई-दोन असं दिसलं पाहिजे. दुसरा स्वर: नुसतं २, कारण आधीच्या स्वराची लांबी आणि सप्तक पुढच्याला लागतं. तिसरा: ४, मग ९, मग हॅश, मग दोनदा चांदणी. सप्तकं तीनच असल्याने दोनावरून तीन आणि तीनावरून पुन्हा एक, असं फिरून यावं लागतं. चौथ्याला ५ आणि हॅश. इथून पुढे जुळवताना पडद्यावरचा आकडा बघत चला. धून बिघडते ती जवळपास नेहमी चांदणी एकदा कमी दाबल्याने.

भुसावळ_जंक्शन

त्याच फोनची मेसेजची टिकटिकही सांगून टाकतो. तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड. हे मोर्स, म्हणजे जुन्या तारेची आखूड-लांब टोल्यांची लिपी, आहे: एस, एम, एस. पुष्कळांना तो एसओएस वाटतो. ओ ला तीन लांब लागतात, एम ला दोन. मधल्या लांब टोल्यांकडे कान ठेवा, फरक लगेच कळेल. तार खातं १५ जुलै २०१३ ला बंद झालं, पण मोर्स त्या आधीच खिशाखिशात जाऊन बसला होता.

कळण्याची_भाकर

भो, हाई तं एकदम भारी शे! आते मना वाटानं दखा.

प्रिन्स ऑफ पर्शिया. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर डॉसचा (जुन्या संगणकप्रणालीचा) गेम थेट ब्राउझरमध्ये चालतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. मोबाइलवर प्रयत्न करू नका, कळफलक हवाच. पानावरचं पॉवरचं चिन्ह दाबा, गेम भरू द्या, चौकटीत एकदा क्लिक करा. क्लिक केलं नाही तर बाण दाबल्यावर राजपुत्राऐवजी पानच सरकतं.

बाणांनी पळायचं. शिफ्ट धरून बाण दाबला की पाऊल जपून पडतं, खिळ्यांमधून तसंच जायचं. स्पेस दाबलं की ६० मिनिटांतली किती उरली ते दिसतं. कंट्रोल आणि ए दाबलं की तीच लेव्हल पहिल्यापासून. कंट्रोल आणि डब्ल्यू चुकूनही दाबू नका, ब्राउझरचा कप्पाच बंद होतो आणि खेळ जातो. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी ने खेळ साठवता येतो, पण तो साठा ब्राउझरच्या आतल्या खोट्या डिस्कवर असतो. कप्पा बंद झाला की तोही गेला. म्हणून एका बैठकीतच खेळा.

अडायच्या जागा: पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची खोली येते. खेळासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द असं विचारतात. त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची, चुकीची प्यायली तर मरण. ही चोरीविरुद्धची सोय होती. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला मागे रेटत कड्यावरून खाली पाडायचा. आठव्या लेव्हलला दार बंद पडून अडकलात तर गडबडू नका, थोडं थांबा, उंदीर येऊन बटण दाबतो.

आणि बारावी. आरशातून निघालेली आपलीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की आपलंच रक्त कमी होतं. खालचा बाण दाबून तलवार म्यान करा आणि सरळ तिच्या अंगावर चालत जा. दोघं एक होतात. त्यानंतर जिथे नुसती दरी दिसते तिथे डावीकडे बेधडक पळत सुटा, पायाखाली फरशी उमटत जाते. इतक्या जुन्या खेळात इतका मोठा विचार कुणी घातला असेल, हे मनात घोळत राहतं.

अंजनीकाठ (एरंडोल)

तो विचार घालणारे जॉर्डन मेकनर. राजपुत्राची धाव इतकी खरी वाटते, कारण त्यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि चौकटीमागून चौकट उतरवून घेतली. १९८९ चा तो मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या खोक्यात फ्लॉप्या सापडल्या आणि आज तो कोड कुणालाही गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर वाचता येतो.

डीटीपी_धुळे

जुन्या मराठी संकेतस्थळांबद्दल लिहितो, कारण आपल्या भाषेतल्या गमती तिथेच अडकून पडल्यात. २००० च्या आगेमागे कित्येक मराठी पानं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नव्हतीच. जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक पान बंद करतात. तो कचरा नाही, मराठीच आहे.

ओळखायची खूण सांगतो. ई, जे, के, मोठा बी, एच ही अक्षरं सलग दिसली तर तिथे "मराठी" लिहिलंय. हा कृतिदेव नावाचा जुना टंक. त्यात ई च्या जागी म, जे च्या जागी र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. टी, मोठा जी, एक्स, के, ओ दिसलं तर "जळगाव". आणि तिरपी रेघ, के, क्यू, मोठा जी, एस दिसलं तर आमचं "धुळे".

या शेवटच्या शब्दातच सगळी मेख आहे. कृतिदेवमध्ये पूर्ण ध नाही. तिरपी रेघ म्हणजे अर्धा ध, आणि त्याला काना जोडला की ध पूर्ण होतो. ख, घ, ण, थ, भ, श यांचंही तसंच. साधा रूपांतरक एकेक अक्षर बदलत जातो आणि "ध" ऐवजी "ध्ा" तयार होतो. जालावर "भ्ारत", "श्ााळा" असं काही दिसलं तर ते असंच झालंय.

दुसरा घोळ ऱ्हस्व वेलांटीचा. "हिंदी" लिहिताना कृतिदेवमध्ये वेलांटी आधी आणि ह नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ह आधी लागतो. तिसरा रफाराचा. "मार्ग" मध्ये रफार कृतिदेवात सर्वांत शेवटी, ग च्याही नंतर. युनिकोडमध्ये तो ग च्या आधी यायला हवा, शिवाय ग ला काना-मात्रा असेल तर तिलाही ओलांडून.

म्हणून रूपांतर करताना क्रम असा ठेवा: आधी दोन-दोन अक्षरांच्या जोड्या बदला, मग सुटी अक्षरं, मग वेलांटी एक व्यंजन पुढे सरकवा, शेवटी रफार मागे न्या. हा क्रम मोडला की मजकूर कायमचा बिघडतो. वेलांटी सरकवताना जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडायचं, नाहीतर "स्थिती" ची "स्थ" मधूनच फाटते. रूपांतर झालं की निदान "धर्म", "शिक्षण", "स्थिती", "वर्षांनी" एवढे शब्द शोधून डोळ्यांनी तपासा.

अमळनेरची_लेक

दादा, काही पानांवर अक्षरांऐवजी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. त्याचं काय करायचं?

डीटीपी_धुळे

ताई, ती ब्राउझरची चूक असते. पान जुन्या पद्धतीचं आणि ब्राउझर त्याला युनिकोड समजतो. फायरफॉक्समध्ये व्ह्यू मेन्यूत "रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग" दाबा, बहुतेक वेळा अक्षरं परत येतात. ती परत आल्यावरच मजकूर उचला. प्रश्नचिन्हांसकट उचलून साठवलात तर मूळ अक्षर त्यात उरत नाही, कुठलाच रूपांतरक ते आणू शकत नाही.

आणि वेबॅकच्या पत्त्यात १४ आकडे असतात. वर्ष चार, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद दोन-दोन. आकडे हाताने बदलले की त्याच्या जवळची प्रत उघडते. आकड्यांना चिकटून इंग्रजीत आय, डी आणि अंडरस्कोर लिहिलं की वरची पट्टी जाते आणि मूळ पान जसंच्या तसं मिळतं. मजकूर उचलायला तेच वापरा. सगळ्याच पानांवर कृतिदेव नसतो हेही ध्यानात ठेवा. मराठी शब्दाची खूण जुळली नाही तर पानाच्या सोर्समध्ये "फॉन्ट फेस" शोधा, पुढे टंकाचं नाव लिहिलेलं असतं.

सातपुडा_पायथा

मालेगाव आपल्या शेजारचं, म्हणून ही भर. शेख नासिर आणि त्यांच्या मंडळींनी मोठ्या हिंदी चित्रपटांच्या मालेगावी आवृत्त्या काढल्या. २००८ चा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट त्यांच्या सुपरमॅनच्या चित्रीकरणावर आहे. जरूर बघा, पण हातात वही घेऊन. पैसे नसताना कॅमेरा कसा हलवायचा, हवेत उडणारा माणूस हिरव्या कापडापुढे कसा घ्यायचा, सगळं उघड दाखवलंय.

तेच आज मोबाइलवर करायचं तर कापड सुती पॉपलीन घ्या, पोपटी रंगाचं. बाटलीसारखा गडद हिरवा चालत नाही. साटीन अजिबात नको, चमकतं आणि चमकलेल्या जागचा हिरवा ॲपला पुसता येत नाही. इस्त्री कराच, कारण प्रत्येक सुरकुतीची सावली हा वेगळा हिरवा होतो. माणूस कापडापासून ५-६ फूट पुढे उभा करा, जवळ उभा राहिला तर हिरवी झाक गालावर आणि केसांच्या कडेला येते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात भर दुपारी शूटिंग नको, सकाळी इमारतीच्या सावलीत करा, उजेड सारखा पडतो. कॅमेऱ्यात पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर माणूस हलला की कापडाचा रंग बदलतो.

काइनमास्टर या व्हिडिओ जोडायच्या ॲपमध्ये पार्श्वभूमी मुख्य पट्टीवर ठेवा आणि माणसाचा व्हिडिओ लेयर म्हणून वर आणा. क्रोमा की ही हिरवा रंग पुसून मागचं चित्र दाखवणारी सोय लेयरलाच मिळते, मुख्य पट्टीला नाही. "माझ्या ॲपमध्ये क्रोमा नाही" म्हणणाऱ्यांचं इथेच चुकलेलं असतं.

लग्नाच्या व्हिडिओत एक गोष्ट आधी बघा: नवरीचा हिरवा चुडा. मनगट हवेत गायब होतं. हिरवा शालू असेल तर निम्मी नवरी जाते. तिथे निळं कापड लावा. केळीचं पान, तोरण, कडुनिंबाची डहाळी यांनाही हाच नियम.

कळण्याची_भाकर

चुड्यानं सांगं हाई बरं झालं. बठ्ठा फोटोवालासनी वाचाले पाहिजे.

एक बारकी भर. नेट गेलं की क्रोममध्ये डायनोसॉर येतो ना? तो २०१४ चा. नेट चालू असतानाही पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन (:), दोन तिरप्या रेघा आणि इंग्रजीत डायनो लिहिलं की येतो. ७०० गुणांना रात्र होते. पक्षी आला की दर वेळी उडी मारू नका, उंचावरचा असेल तर खालचा बाण दाबून वाकलात की पुरतं.

अमळनेरची_लेक

आता माझ्याकडून अहिराणीची. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा (लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया) नववा खंड, तिसरा भाग, १९०७ चा. त्यात भिल्ली बोलींसोबत खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, आहे. सगळ्या बोलींत एकच गोष्ट लिहून घेतली: बायबलातली उधळ्या मुलाची. बापाला दोन मुलगे, धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवून परत येतो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडे ही गोष्ट कशी सांगत, ते ओळीओळीने वाचता येतं.

आर्काइव्ह डॉट ऑर्गवर खंडाचं इंग्रजी नाव, रोमन अंकात नऊ आणि भाग तीन असं शोधा. भाग पाहून घ्या, नवव्या खंडाचे चार भाग आहेत आणि बहुतेक जण पहिला उघडून "खानदेशी नाही" म्हणून परत येतात. पानाच्या आतल्या शोधावर विसंबू नका, यंत्राने वाचलेल्या मजकुरात देवनागरी आणि टिंबाच्या रोमन अक्षरांची पार वाट लागलेली असते. अनुक्रमणिकेचं पान काढून पृष्ठक्रमांक घ्या. पडद्यावरच्या पानाचा आकडा आणि छापील आकडा जुळत नाही, सुरुवातीची प्रस्तावनेची पानं धरली जातात म्हणून. तेवढी पुढे जा.

माझं म्हणणं असं की हीच गोष्ट आज गावागावातून बोलून घेऊया. मोबाइलमध्ये वॅव्ह प्रकारात, पंखा बंद करून, भिंतीला गोधडी टांगून. फोन तोंडापासून वीतभर, समोर नाही तर जरा बाजूला, म्हणजे "प" आणि "फ" चा वारा माइकवर आदळत नाही. फाइलच्या नावात गाव, तालुका, वर्ष. बोलणाऱ्याचं नाव परवानगीशिवाय नको.

पेटीवाला_चोपडा

ताई, मी आहे. चोपड्याकडची आणि शिरपूरकडची अशा दोन घेऊ शकतो. वाचून दाखवायला लावू नका मात्र, वाचताना सगळे प्रमाण मराठीवर जातात. गोष्ट आधी तोंडी सांगा, कागद बाजूला ठेवा आणि मग त्यांना सांगू द्या.

कळण्याची_भाकर

साक्रीकडली मी लयस. मुलगाले आमनाकडे अजूनबी आंडोर म्हंतस, तुमनाकडे काय म्हंतस ते लिखी ठेवा. ग्रियर्सननं पान कोणतं ते बी टाका आठे, म्हणजे बठ्ठा एकच गोष्ट सांगतीन.

अमळनेरची_लेक

छापील पृष्ठाचा फोटो आणि गोष्टीचे मुद्दे आज रात्री टाकते. भाऊ, पेटीवाले दादा म्हणतात तसं मुद्देच देते, वाक्यं नाही.